शिशाची बॅटरी काढून लिथियम बसवली: दोन हंगामांनंतरचा हिशोब

आधी गुण देऊन टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. बॅटरीला पाचपैकी साडेचार. "जुनी काढा, नवी ठेवा, झालं" असं सांगणाऱ्या दुकानदाराला शून्य. आणि व्हिक्ट्रॉन कंपनीचा, बॅटरीत किती वीज आली-गेली ते मोजणारा स्मार्टशंट नावाचा एक मूठभर डबा आहे, त्याला पाचपैकी पाच. सहा देता आले असते तर सहा दिले असते.

आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, २००९ चा १६ फुटी स्कॅम्प. इथे मिनेसोटातच, बॅकस नावाच्या गावात बनतो. फायबरग्लासची दोन टरफलं मधोमध जोडलेली, त्यामुळे लांबून बघितलं तर चाकांवर पांढरं अंडं ठेवल्यासारखा दिसतो. आत बाकडं-टेबल (रात्री त्याचाच पलंग), दोन शेगड्या, गॅसवरचा छोटा फ्रीज आणि थंडीत आतली हवा गरम करणारी गॅसचीच भट्टी. २०२० च्या उन्हाळ्यात कुठेच जाता येत नव्हतं तेव्हा जुना घेतला. पुढच्या त्रिकोणी दांड्यावर, सिलिंडरच्या मागे, काळ्या प्लास्टिकच्या खोक्यात शिशाची बॅटरी होती.

मी मूळची मिरजेची. आप्पांचं स्टेशन रोडला बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, पुढेपुढे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या यायच्या. शाळेतून आल्यावर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (अ‍ॅसिडचा दाटपणा) बघायची आणि खडूने बॅटरीवर लिहायची, हे माझं काम. बाराशे पन्नासच्या वर गेली की पास. माझ्या एकाही फ्रॉकला अ‍ॅसिडचं भोक नाही असं झालं नाही. त्यामुळे बॅटरीतलं आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्याच हिवाळ्यात मी ट्रेलरची बॅटरी खोक्यातच विसरले, ती हळूहळू उतरत गेली, आणि मार्चमध्ये बघते तर डबा फुगून तडकलेला. भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड इथल्या थंडीतही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे सात-आठ अंशांनाच गोठतं. मिरजेत हा धडा शिकायची सोय नव्हती.

पण लिथियमकडे वळवलं ते दुसऱ्या एका रात्रीने. २०२२ च्या ऑक्टोबरात लेक सुपीरियरच्या काठाकाठाने वर टेटागुश स्टेट पार्कला गेलो होतो. विजेचा खांब नसलेली जागा मिळाली. रंगलेली पानं बघायचे दिवस. दिवसा ऊन, रात्री पारा शून्याला टेकलेला. पहाटे तीनला गॅसगळतीचा अलार्म टुकटुक करायला लागला. दोघंही ताडकन उठलो. गळत काहीच नव्हतं. बॅटरीचा जोर उतरला की तो असाच ओरडतो. मग लक्षात आलं, भट्टीचा पंखा फिरतोय पण हवा गार. सिलिंडर भरलेला, थर्मोस्टॅट ठीक, तरी ज्योत पेटेना.

या भट्टीत पंख्याच्या वाऱ्याने उचलली जाणारी एक पातळ पट्टी असते. वारा पुरेशा जोराने आला तरच ती उचलली जाऊन बटण दाबते आणि मगच गॅस सुटतो. व्होल्ट उतरले, पंखा मंदावला, पट्टी जागची हलली नाही. म्हणजे बॅटरीत जी काही धुगधुगी उरली होती ती गार हवा फिरवण्यात चालली होती. नवऱ्याचं सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास नीट चालावा म्हणून हवा देणारं मशीन, तर आधीच बंद पडलं होतं. त्याच्या घोरण्यावरून मला ते कळायला हवं होतं, पण मी दोन रजया डोक्यावरून घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कागदावर बेरीज केली. बॅटरीवर ८० अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वापरला की एक) लिहिलेलं. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली वारंवार नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाती खरे ४०. भट्टीचा पंखा साडेतीन अँपिअर खातो आणि थंडीच्या रात्री थांबत-थांबत पाच-सहा तास चालतो. २० तिथेच गेले. सीपॅप, त्याचं पाणी गरम करणं बंद ठेवलं तरी, १०-१२. दिवे, पाण्याचा पंप, दोन फोन यांचे सात-आठ. झाले ४०. एक रात्र, तीही बॅटरी नवीकोरी असेल तर. आमची दोन हंगाम वापरलेली होती.

२०२३ च्या मार्चमध्ये १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, ३२० डॉलरला. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. मी घेतलेलं मॉडेल बदललं, आणि या भावातल्या निम्म्या कंपन्या एकमेकींच्या चुलत बहिणी वाटतात. लेबलपेक्षा बघायचं ते हे: गारठ्यात चार्जिंग आपणहून थांबवते का, आतल्या बीएमएसची (सेलांवर लक्ष ठेवणाऱ्या, गरज पडली तर बॅटरी बंद करणाऱ्या सर्किटची) माहिती फोनवर दिसते का, आणि वॉरंटीचा पत्ता तुमच्या देशातला आहे का. पहिली गोष्ट नसेल तर आमच्यासारख्या प्रदेशात ती बॅटरी फुकटसुद्धा घेऊ नका. कारण पुढे येईलच.

आप्पांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "पेटत नाही ना गं?" २०२२ मध्ये तिकडे ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्या लागोपाठ येत होत्या, त्या त्यांच्या डोक्यात. लिथियम म्हणजे एकच जात नव्हे. फॉस्फेटवाल्या सेलमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तापला तरी सहजी सुटत नाही, त्यामुळे आगीला आतून ऑक्सिजन मिळणं अवघड. त्याबदल्यात तेवढ्याच वजनात थोडी कमी वीज मावते. हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतलं. त्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं ते सगळ्यांना माहीत असतं. १९९७ च्या मूळ शोधनिबंधावर त्यांच्या आधी पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन नावं आहेत, ते फारसं कोणी सांगत नाही. आप्पांना ते सांगितल्यावर बॅटरी एकदम घरातली झाली.

जुनी बॅटरी २२ किलोची होती, नवी साडेअकरा किलोची. जुनी उचलायला नवऱ्याला हाक मारावी लागायची. ही मी एका हाताने नेते. वजन निम्मं, आणि वापरायला मिळणारी वीज दुपटीहून जास्त.

आता माझी फजिती. जुनी बॅटरी काढताना फोटो काढला नाही. समोर दोन तारा, एक काळी, एक पांढरी. आप्पांच्या दुकानात वाढलेल्या पोरीचा हात काळी तार दिसली की डोळे मिटून निगेटिव्हकडे जातो. इथल्या ट्रेलरांत मात्र घरातल्या वायरिंगची रीत घुसलेली आहे: काळी तार पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह. टर्मिनलला टेकवताच ठिणगी उडाली आणि कन्व्हर्टरचे (घराच्या विजेवर बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्याचे) दोन फ्यूज गेले. ते उलट्या जोडणीसाठीच ठेवलेले असतात, म्हणून बाकी काही जळलं नाही. चार डॉलरवर भागलं. त्या काळ्या तारेला आता वीतभर लाल टेप गुंडाळलेली आहे. तुम्ही जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. तारेच्या रंगावर विश्वास ठेवू नका, माझ्या अनुभवावरही नको.

बॅटरीची जागाही बदलली. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती बाहेर हवेशीर खोक्यात असते. ही बंद डब्यातली, त्यामुळे आत बाकड्याखाली, पट्ट्याने आवळून. पॉझिटिव्ह टर्मिनलवरच १०० अँपिअरचा फ्यूज बसवला. यात काटकसर नको. शॉर्ट झाली तर ही बॅटरी क्षणात हजारो अँपिअर ओकू शकते. एक गोष्ट दुकानात कोणी बोललं नव्हतं: दांड्यावरून २२ किलो उतरवले आणि मागच्या बाकड्याखाली साडेअकरा ठेवले की ट्रेलरचा तोल बदलतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर हवा. कमी झाला की वेगात शेपूट डोलायला लागतं. बिडाचा तवा, जॅक आणि लाकडी ठोकळे पुढच्या कपाटात हलवले, मग वजन जमलं.

आता त्या शून्य गुणांकडे. घराच्या विजेवर ट्रेलर लावला की आतला कन्व्हर्टर बॅटरी चार्ज करतो. आमचा जुना कन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीसाठी बनलेला, तो १३.६ व्होल्टवर येऊन बसायचा. लिथियमला भरपेट व्हायला १४.२ ते १४.६ लागतात. १३.६ ला ती भरत नाही असं नाही, पण शेवटचा टप्पा पाय ओढत जातो, आणि आतल्या चार सेलची आपसातली बरोबरी करायचं काम बीएमएस साधारण त्या वरच्या टप्प्यातच करतो. तिथवर कधी पोचलीच नाही तर एक सेल मागे, एक पुढे, असं करत फरक वाढत जातो. दुकानदाराला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. कन्व्हर्टरचा डबा तसाच ठेवून आतला चार्जर तेवढा बदलता येतो. तो लिथियमचा घेतला, १९० डॉलर. शंट ११०, सोलर कंट्रोलर १००, फ्यूज, जाड तार आणि लग मिळून ६०. एकूण ७८०. यात बॅटरी निम्म्याहूनही कमी, हे लक्षात घेऊनच निघा.

शंटबद्दल जरा ऐसपैस लिहिते, कारण माझं सगळ्यात जास्त प्रेम त्याच्यावर आहे. ट्रेलरच्या भिंतीवर चार दिव्यांचं पॅनेल असतं, ते व्होल्ट मोजून बॅटरी किती भरली ते सांगतं. शिशाला ते बऱ्यापैकी लागू पडतं. लिथियमला अजिबात नाही: ९० टक्क्यांना साधारण १३.३ व्होल्ट आणि ४० टक्क्यांना १३.१. पॅनेलचे चारही दिवे लागलेले असतात, आणि मग एकदम अंधार. शंट व्होल्टवर विसंबत नाही. किती अँपिअर आत गेले, किती बाहेर आले, याची तो वाण्यासारखी खतावणी ठेवतो आणि फोनवर टक्के दाखवतो. बसवल्यावर त्याला बॅटरीची क्षमता सांगायची, प्यूकर्टचा आकडा (जोरात वीज खेचली की क्षमता किती घटते त्याचा) १.०५ आणि कार्यक्षमता ९९ टक्के भरायची. शिशासाठीचे मूळ आकडे तसेच ठेवले तर खतावणी चुकते. आणि अट एकच: निगेटिव्हकडची प्रत्येक तार शंटच्या पलीकडून यायला हवी. मी सोलरची निगेटिव्ह थेट बॅटरीला लावली होती. आठवडाभर शंट सांगत होता बॅटरी उतरतेय, आणि बॅटरी तर तुडुंब. उधारी वहीत, जमा खिशात, असा प्रकार.

पहिल्यांदा त्याच्या भरवशावर झोपलो ते २०२३ च्या सप्टेंबरात. संध्याकाळी १०० टक्के, सकाळी ६१. भट्टी, सीपॅप (या वेळी कोमट वाफेसकट), सगळं चालू होतं. नवरा सकाळी म्हणाला, "काही आवाज आले नाहीत रात्री." मी म्हटलं, मलाही.

थंडीचं म्हटलं होतं ते आता. शून्याच्या खाली लिथियम सेल चार्ज केला तर लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातू होऊन बसतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. वापरायला मात्र उणे २० पर्यंत हरकत नसते. २०२४ च्या एप्रिलमध्ये अंगणात ट्रेलर विजेवर लावला, पारा उणे तीन, शंटवर चार्जिंग शून्य. नवा चार्जर जळला असं समजून मी अर्धी सकाळ फ्यूज तपासण्यात घालवली. मग बॅटरीचं अ‍ॅप उघडलं: तापमान कमी, चार्जिंग बंद. ती स्वतःला वाचवत होती आणि मी तिच्या नावाने बोटं मोडत होते. भट्टी तासभर लावली, बाकड्याखाली ऊब पोचली, चार्जिंग आपोआप सुरू. बाहेर दांड्यावर बॅटरी ठेवायची असेल तर आत हीटर असलेली मिळते, ती घ्या. ती चार्जरकडून आलेली वीज आधी स्वतःला गरम करायला वापरते. आत ठेवणार असाल तर ते पैसे वाचवा.

सोलरचं थोडक्यात. छपरावर पॅनेल बसवलं नाही, कारण आमच्या आवडीच्या जागा पाइन आणि बर्चच्या सावलीतल्या. १०० वॅटचं घडीचं पॅनेल लांब तारेने उन्हात नेऊन ठेवते. चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० अँपिअर-अवर देतं, झाडीत पाच-सहा. कंट्रोलर लिथियमच्या सेटिंगवर लावा आणि इक्वलायझेशन (मुद्दाम जादा व्होल्ट देणं) व तापमानानुसार व्होल्ट बदलणं, दोन्ही बंद करा. ती शिशाची औषधं आहेत. २०२४ च्या जूनमध्ये साउथ डकोटातल्या बॅडलँड्सला, सेज क्रीकच्या फुकट कॅम्पग्राउंडवर तीन रात्री राहिलो. तिथे ना नळ, ना वीज, ना सावली. पॅनेलची चंगळ. दुसऱ्या दिवशी दुपारी बायसनचा कळप चरत-चरत थेट आमच्या बाजूला आला. त्यांच्यापासून १०० यार्ड लांब राहायचं असतं, पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आम्ही आत, पॅनेल बाहेर. एकाने त्याचा वास घेतला आणि पुढे गेला. त्या संध्याकाळी ९७ टक्के.

गाडी चालवताना मागच्या सात पिनांच्या प्लगमधून चार्जिंग मिळतं अशी समजूत असेल तर ती सोडा. इतक्या लांब, बारीक तारेतून आमच्याकडे तीन-चार अँपिअर येतात. चार तासांच्या प्रवासात १५. मधे डीसी-टू-डीसी चार्जर आणि जाड तार टाकली तर फरक पडेल, पण आमचं अजून त्यावाचून अडलेलं नाही.

देखभाल म्हणाल तर पाणी घालणं नाही, ग्रॅव्हिटी नाही, टर्मिनलवरची पांढरी बुरशी खरवडणं नाही. पण आप्पांनी अंगात भिनवलेली एक गोष्ट मोडायला मला फार जड गेलं. "बॅटरी उपाशी ठेवायची नाही" हा दुकानाचा कायदा होता, आणि शिशाला तो तंतोतंत लागू: उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. लिथियमला महिनोन्‌महिने तुडुंब भरून ठेवणंच मानवत नाही. सुट्टीवर पाठवायची ती अर्धपोटी. नोव्हेंबरात ५०-६० टक्क्यांवर आणायची, तारा काढायच्या, तळघरात कोरड्या जागी ठेवायची. तारा काढणं महत्त्वाचं, कारण गॅसचा अलार्म आणि रेडिओ बंद ट्रेलरमध्येही गुपचूप खात राहतात. वसंतात बसवली की एकदा पूर्ण १०० टक्क्यांना नेऊन काही तास तिथेच ठेवते, म्हणजे सेलांची बरोबरी होते आणि शंटची खतावणीही शून्यापासून लागते.

आणखी एक, आणि हे गंमतीचं नाही. ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपत्कालीन ब्रेक ट्रेलरच्याच बॅटरीवर लागतात. बीएमएसने बॅटरी बंद केलेली असेल तर ते लागणार नाहीत. शिशाची बॅटरी मरतामरताही थोडं काही देते; ही दार लावून घेते. म्हणून निघण्याआधी फोनवर टक्के बघणं आता टायरची हवा बघण्याइतकंच सवयीचं झालंय.

बॅटरीचा अर्धा गुण कापला तो तिच्या अ‍ॅपसाठी. दर वेळी बॅटरी शोधायला मिनिटभर घेतं, आणि मधेच फॅरनहाइट सोडून सेल्सियस दाखवतं. ज्यांचा ट्रेलर कायम विजेच्या खांबालाच बांधलेला असतो त्यांनी या भानगडीत पडू नये. शिशाची १०० डॉलरची बॅटरी आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली पुरे.

गेल्या नोव्हेंबरात बॅटरी तळघरात नेली, ५५ टक्क्यांवर. मुलांच्या जुन्या खोक्यात खडू सापडला, तर वर तारीख आणि ५५ लिहून ठेवलं. फेब्रुवारीत मुद्दाम तपासली, ५२. फोटो आप्पांना पाठवला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, दुकान कधीच बंद झालं. उत्तर आलं, "टर्मिनलला व्हॅसलीन लावलंस का?"

लावलं होतं.